दोघांनी पाहिलेला धबधबा

वर्धा जिल्ह्याचा जन्म अग्नीतून झालेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीला भेगा पडल्या, तिच्या पोटातला तप्त रस बाहेर आला, थरावर थर साचत गेले, आणि त्या विझलेल्या वणव्यावर आज आपण उभे आहोत. आपल्या पायाखाली ज्वालामुखी आहे, याचा माणसाला क्षणभरही विसर पडता कामा नये.

ही वाक्यं आमच्या शाळेतल्या निखाडे सरांची. दर वर्षी शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात ते आठवीच्या वर्गाला ती ऐकवत. ऐकवताना उजव्या पायाची टाच जमिनीवर आपटत. मुलं घाबरून खाली बघत. खाली शहाबादी फरशी असे, आणि ती दुसऱ्या राज्यातून आलेली होती.

जिल्ह्याचा जन्म अग्नीतून झाला असेलही. पण स्वभाव काही आगीचा उतरलेला नाही. आमच्याकडे दुपारी जेवण झालं की दुकानदार गिऱ्हाइकाला "चारनंतर येजो" म्हणतो, आणि गिऱ्हाईक न रागावता घरी जाऊन आडवं होतं. ही दुपारची झोप पुढे या हकिगतीत महत्त्वाची आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

निखाडे सर मूळचे रोहण्याचे. हिंगणीजवळच्या आमच्या गावातल्या हायस्कुलात त्यांनी सगळी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचो. सर वर्गात पुस्तकातली मराठी बोलत आणि वर्गाचा उंबरठा ओलांडला की रोहण्याची. उंच, सडपातळ, पांढरा फुल शर्ट. शर्टाचा खिसा कायम लोंबलेला, कारण त्यात पेन नसे, दगड असे. काळा, लिंबाएवढा. कुठे बोलणं अडलं की ते तो दगड टेबलावर ठेवत. विषय वेतन आयोगाचा असो की चहात साखर कमी पडल्याचा, दगड टेबलावर आला की समोरच्यानं ओळखावं, आता साडेसहा कोटी वर्षं येणार.

डावं-उजवं हे शब्द सरांना मान्य नव्हते. "डावं-उजवं मानसासंगं फिरते," ते म्हणत, "उत्तर फिरत नाई." त्यामुळे स्टाफरूममध्ये "जरा तो डस्टर पूर्वेले सरकवा" किंवा "मॅडम, तुमच्या वायव्येले पाल आहे" अशी वाक्यं ऐकू येत. वायव्य कुठली ते ठरेपर्यंत पाल निघून जाई. मी नवीन होतो तेव्हा हजेरीपटाआधी मला दिशा पाठ कराव्या लागल्या.

सरांना सांत्वनाला न्यायचं की नाही, यावर आमच्यात दोन मतं होती. आमच्या शाळेचा शिपाई देवराव. त्याचे वडील गेले तेव्हा आम्ही सगळे त्याच्या घरी गेलो. बायका रडत होत्या, माणसं खाली मान घालून बसली होती. बराच वेळ झाल्यावर सर म्हणाले, "देवराव, तुह्या अंगनातला हा दगड पाह्य. साडेसहा कोटी वर्षं झाले याले. तुहा बाबा ब्याऐंशी वर्षं राह्यला. आता या दगडाले इचारलं तं तो काय म्हनन? कोन आलतं, कवा गेलं, मले तं समजलंच नाई." मी डोळे मिटून घेतले. महिन्याभरानं देवराव मला म्हणाला, "सगळे येऊन मले रडवून गेले जी. निखाडे सरानं हिशेबाले लावलं. त्या नादात रडू थांबलं." तो दगड अजून त्याच्या अंगणात आहे. त्यावर कपडे धुतात.

मुलीच्या लग्नात सरांनी पत्रिकेच्या मागच्या बाजूला मंगल कार्यालयाचा नकाशा छापला. प्रमाण, दिशा, उंचीच्या रेषा, सगळं. नकाशा बिनचूक होता. वऱ्हाडाच्या पाच गाड्या फाट्यावर तासभर उभ्या राहिल्या आणि शेवटी पानठेलेवाल्याला विचारून आल्या. सर दारातच घड्याळ घेऊन उभे होते.

"तुम्ही नकाशा उलटा धरला व्हता," त्यांनी व्याह्यांना ऐकवलं. लग्नाच्या दिवशी, मुलीचा बाप, व्याह्यांना!

व्याही शांतपणे म्हणाले, "आम्ही तं पत्रिका सरळच धरली व्हती जी. पुढून गनपती वर, आन् मांगून तुमची उत्तर खाली. आता गनपतीले उलटं कसं धराव?"

सरांनी खिशातून पत्रिका काढली, फिरवून पाहिली आणि परत खिशात घातली. त्यानंतर दर वर्षी नकाशावाचनाच्या धड्याला सर ती पत्रिका वर्गात आणत आणि स्वतःची चूक फळ्यावर काढून दाखवत. आपली चूक अभ्यासक्रमात घालणारा मास्तर मी दुसरा पाहिलेला नाही. आम्ही बाकीचे आपापल्या चुका सेवापुस्तकाबाहेर कशा राहतील हे बघत असू.

आता भिंतीकडे येतो. शाळेच्या दारातून आत शिरलं की समोर जी मोठी भिंत दिसते, तिच्यावर सरांनी तालुक्याचा नकाशा रंगवला होता. गावं, नाले, टेकड्या, पायवाटा, विहिरी. एकदा रंगवून सोडला नव्हता. वर्षानुवर्षं तो वाढत होता. त्याचा नियम एकच. जी गोष्ट दोन माणसांनी प्रत्यक्ष पाहिली तीच रंगात जाईल. एकानंच पाहिली असेल तर पेन्सिलीत राहील. सर म्हणत, "एकानं पाह्यली तं गोष्ट, दोघांनी पाह्यला तं भूगोल."

नकाशाच्या कोपऱ्यात एक तक्ता होता. त्यात तीन रकाने: काय पाहिले, कोणी पाहिले, कशासाठी गेले होते. तिसऱ्या रकान्याला लोक हसत. पण सरांचं म्हणणं असं की माणूस कशासाठी गेला होता हे कळल्याशिवाय त्यानं काय पाहिलं याचा भरवसा धरता येत नाही. देवदर्शनाला गेलेला माणूस पायऱ्या मोजत नाही. हरवलेली म्हैस शोधायला गेलेल्याला मात्र एकेक झुडूप सांगता येतं. त्यामुळे तक्त्यात "म्हैस शोधणे", "सासुरवाडी", "जळतण", "भांडण सोडवणे" अशी प्रयोजनं ओळीनं लिहिलेली होती. आमच्या तालुक्याचा इतका खरा इतिहास दुसरीकडे कुठे लिहिलेला नसेल.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या नकाशावर बोट ठेवून विचारलं, "इथला रस्ता का दाखवला नाही? पूर्ण झालेल्या रस्त्यांच्या यादीत तर आहे."

"यादीत आहे साहेब," सर म्हणाले. "मी आणि आमचे देवराव दोघं जाऊन आलो. तिथं तूर आहे."

साहेबांनी शेऱ्यात 'नकाशा अद्ययावत करावा' असं लिहिलं. सरांनी त्याच संध्याकाळी नकाशा अद्ययावत केला. रस्त्याच्या जागी हिरव्या रंगात तूर दाखवली.

या नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात, टेकड्यांच्या काळ्या रेषांमध्ये, एक पेन्सिलीचं वर्तुळ होतं. हा सरांचा धबधबा. बोरच्या अभयारण्याची हद्द लागण्याच्या अलीकडे ज्या टेकड्या आहेत, त्यांतल्या एका घळीत सरांना तो सापडला होता. हद्दीच्या पलीकडे वाघ असतात. वाघाच्या बाबतीत सर दुसऱ्या साक्षीदाराचा आग्रह धरत नसत.

धबधबा दुसऱ्या कोणाला दाखवावा म्हणून सरांनी दर वर्षी पोळ्यानंतरच्या एका रविवारी शिक्षकांची सहल सुरू केली. सकाळी टेम्पोनं टेकडीच्या पायथ्याशी जायचं, तासभर नाल्याकाठानं चढायचं, मोहाच्या एका मोठ्या झाडाखाली थोडं टेकायचं आणि पुढे अर्ध्या तासात धबधबा. बेत इतका साधा होता. त्यात एकच गफलत झाली. पहिल्या वर्षी कोणीतरी म्हणालं, जातोच आहोत तर रोडगे करू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रोडगा म्हणजे कणकेचा मुठीएवढा घट्ट गोळा. तो गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा, राख झटकून हातानं फोडायचा, वाटीभर तुपात बुडवायचा, आणि वरण व वांग्याच्या जहाल भाजीबरोबर खायचा. दोन रोडगे खाल्लेला माणूस उठू शकत नाही. तीन खाल्लेल्याला उठावंसं वाटत नाही. आमच्याकडे शेतात किंवा जंगलात गेलेली कुठलीही सहल शेवटी रोडग्यांची होते. निघताना तिचं नाव काहीही असो.

तर दर वर्षी मोहाच्या झाडाखाली रोडगे होत, जेवणं होत आणि सगळी शिक्षकसंस्था झाडाखाली पसरे. सर तेवढे अर्धा रोडगा खाऊन, छत्री टेकत, एकटे वर जात. दीड तासानं परतत. पँट गुडघ्यापर्यंत ओली. आम्ही डोळे किलकिले करून विचारायचो, "काय सर?"

"होता," सर म्हणत. बस, एवढंच. किती उंच, कसा, काही नाही. आपण वर्णन केलं तर पुढच्या वर्षी लोक वर्णनच पाहून येतील, असं त्यांचं मत होतं.

अकरा वर्षं सर असे "होता" म्हणत राहिले आणि वर्तुळ पेन्सिलीतच राहिलं. कोणीतरी सुचवलं, सर, मोबाइलवर फोटो काढून आणा की. सर म्हणाले, "फोटो? गोपालशेठच्या दुकानातल्या कॅलेंडरवर केवढा धबधबा आहे! लावू काय त्याले तालुक्यात?"

गोपालशेठ म्हणजे आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. गावात किराणा आणि रंगाचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठजी आमच्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी बोलत. फक्त राग आला की हिंदीत शिरत. अंगानं भक्कम, मनानं मोकळे. दोष एकच. गावात कुठेही फीत कापायची असली की त्यांच्या खिशात कात्री असे.

सरांच्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी संस्थेनं ठरवलं की आजवरच्या पदाधिकाऱ्यांची नामावली सोनेरी अक्षरांत कोरून लावायची. चकचकीत काळ्या दगडाची पाटी बनवून आली. सहा फूट बाय चार फूट. शोभेल अशी भिंत एकच होती.

शेठजी स्टाफरूममध्ये आले ते जरा अवघडूनच. "सर, तुमी तं आता रिटायर होऊन राह्यले. नकाशाले पाह्यनार कोन? आन् तुमचा तो धबधबा, खरं सांगा, हाय का नाई तेबी कोनाले मालूम नाई. अकरा वर्षं झाले, पेन्सिलीनं गोल काढून ठेवला. लोक इचारते मले, हे काय व्हय, पोराईनं भिताडावर काढलं काय?"

सर पाटीकडे बघत होते. खिशातला दगड काढून त्यांनी पाटीशेजारी ठेवला. "हा दगड आपल्या जिल्ह्यातला नाई शेठजी," ते म्हणाले. "तुमच्या पाटीचा."

"सर, दगड कुटला बी असू द्या, नावं आपलेच हायेत ना!"

मग सरांनी एक गोष्ट केली जी त्यांच्या स्वभावात बसत नव्हती. त्यांनी पैज मांडली. या रविवारच्या सहलीत दुसऱ्या एकानं तरी धबधबा पाहिला तर नकाशा भिंतीवर राहील. कोणीच पाहिला नाही तर वर्तुळ मी स्वतः खोडीन, आणि मग सगळी भिंत पुसा, नामावली लावा, मी एक शब्द बोलणार नाही.

शेठजी म्हणाले, "मंजूर. मी सोता येतो. पाय दुखले तरी येतो."

"एक अट आहे," सर म्हणाले. "रोडगे धबधब्यापाशी. मोहाखाली थांबाचं नाई."

यावर स्टाफरूममधले सगळे देवरावकडे पाहू लागले. शाळेत देवराव शिपाई होता. रोडग्यांच्या बाबतीत मुख्याध्यापिकाबाईही त्याच्या हाताखाली येत. देवराव विचार करून म्हणाला, "नेऊ जी वर. सर म्हनते तं नेऊ."

रविवारी आम्ही चौदा जण निघालो. आकाश निवळलं होतं, नाला खळाळत होता, चिखल जेमतेम चपलांना लागेल एवढा. सर गुडघ्याला पट्टा बांधून आले होते. चढताना छत्रीनं टेकडी दाखवत म्हणाले, "पाह्यजा. टेकडी पायऱ्या-पायऱ्यानं चढते. कारन लाव्हा एकदम नाई आला. आला, थांबला. पुन्हा आला, पुन्हा थांबला."

शेठजी धापा टाकत म्हणाले, "मंजे तेबी आपल्यासारखंच. जरा चाललं का बसलं."

सर हसले. त्या दिवशी सर बरेच हसत होते, आणि ते मला बरं वाटत नव्हतं.

मोहाचं झाड आलं. देवराव सगळ्यांच्या पुढे होता, डोक्यावर गोवऱ्यांचं पोतं. झाडाखाली येताच त्यानं पोतं खाली ठेवलं.

"देवराव," सर ओरडले, "अजून वर जाचं आहे!"

"हो जी. मान मोकळी करतो फक्त."

पोतं टेकलं तसा कणकेचा डबा टेकला. डबा टेकला तशी वांगी टेकली. गेल्या वर्षीच्या चुलीचे तीन काळे दगड जागच्या जागी होते, आणि ते दगड दिसल्यावर अकरा वर्षांची सवय असलेले हात आपोआप गोवऱ्या रचू लागले. कोणी ठरवलं नाही. शपथेवर सांगतो, कोणाच्या मनात कपट नव्हतं.

सर घाईनं आले. "हे काय करून राह्यला तू?"

देवराव उकिडवा बसून वर बघत म्हणाला, "सर, एक इचारू? वरतं धबधब्यापाशी तुषार उडते म्हनता ना?"

"उडते ना! पंधरा फुटांवर उभं राह्यलं तरी चष्मा ओला होते."

"मंग गोवऱ्या नाई वल्या होनार? रोडगा कच्चा राह्यला तं चौदा मानसं पोट धरून बसतीन. तुमी म्हना तुषार नाई, मी आत्ता पोतं उचलतो."

मी सरांकडे पाहिलं. तुषार नाहीत म्हणावं तर धबधबा नाही. धबधबा आहे म्हणावं तर रोडगे इथेच. अकरा वर्षांत सरांना कोणी असं गाठलं नव्हतं, आणि देवराव तर केवळ गोवऱ्यांची काळजी करत होता.

"बरं," सर म्हणाले. "पन खाल्लं का लगेच उठाचं."

"लगेच जी," चौदा जण म्हणाले. म्हणजे सर धरून.

दुसरी चूक सरांची स्वतःची. नेहमी ते अर्धा रोडगा खात. पण ही त्यांची शेवटची सहल होती. जो तो येऊन त्यांच्या ताटात वाढू लागला. "माह्या हातचा एक", "सर, आता पुन्हा कवा", "तूप तं घ्या जी, तुपाले कायचं वजन". मुख्याध्यापिकाबाईंनी एक वाढला, शेठजींनी एक फोडून तुपासकट वाढला, देवरावनं तर डोळ्यांत पाणी आणून वाढला. ते धुराचं होतं की कसलं, हे सांगता येणार नाही. सरांना नाही म्हणवेना. त्यांनी चार रोडगे खाल्ले.

"पाच मिनटं पाठ टेकतो," ते म्हणाले. खिशातला दगड उशाला काढून ठेवला, छत्री पोटावर घेतली आणि उत्तरेकडे डोकं करून झोपले. उत्तरेकडे डोकं करू नये असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, पण तोवर सर घोरू लागले होते. थोड्या वेळानं बाईही.

मी अर्धवट जागा होतो. शेठजी उठलेले मला दिसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पाण्याची एक बाटली उचलली आणि नाल्याच्या कडेनं वर निघाले. रोडग्याच्या जेवणानंतर बाटली घेऊन निघालेल्या माणसाला कुठे चाललात असं विचारत नाहीत. त्यात शेठजी फार लाजाळू. बाकीचे लोक पहिल्या झुडपाआड जातात. शेठजी झाडाखालची माणसं दिसेनाशी होईपर्यंत चालतात आणि मग त्याच्याही पुढे जातात. मी कूस बदलली.

ते परतले तेव्हा बराच वेळ गेला होता. बाटली नव्हती. पँट गुडघ्यापर्यंत ओली, केसांवर पाण्याचे बारीक थेंब. नाल्यात घसरले असतील, असं मी धरून चाललो. ते सरांच्या जवळ येऊन बसले आणि झोपलेल्या सरांकडे बघत राहिले. रोडगा उरला होता, तो घेतला नाही.

सरांना जाग आली तेव्हा चार वाजून गेले होते आणि डोंगरामागे ढग चढले होते. ते दचकून उठले. उठताना गुडघा लचकला.

देवराव हलक्या आवाजात म्हणाला, "सर, पानी आलं तं नाला उतरू देनार नाई. पाचले टेम्पो हाय."

सर छत्रीवर रेलून वरच्या वाटेकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मी एकटा जाऊन येईनही. पन एकट्यानं जाऊन उपयोग काय? तो तं मी पाह्यलेलाच आहे." त्यांनी दगड खिशात घातला. "चला. उद्या खोडतो."

उतरताना चौदा माणसांना आपलं पोट जड आहे याची इतकी लाज कधी वाटली नसेल. सर पुढे, देवरावच्या खांद्यावर हात ठेवून. शेठजी सगळ्यांत मागे. दोनदा ते थांबले. मला वाटलं, धाप लागली.

टेम्पोपाशी सर चढायला लागले तेव्हा शेठजी मागून म्हणाले, "सर."

सर वळले.

"होता," शेठजी म्हणाले.

सरांनी पाय खाली घेतला. "काय होता?"

"धबधबा."

देवराव हसू लागला, त्याला मुख्याध्यापिकाबाईंनी डोळ्यांनी गप्प केलं. सर हसले नाहीत. दया दाखवणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी शेठजींकडे पाहिलं. "राहू द्या शेठजी. मन ठेवाले बोलू नोका. नकाशात ते चालत नाई."

"अरे यार सर, मैं झूठ बोलूंगा क्या?" शेठजी चिडले. "इचारा ना काय इचाराचं ते!"

सरांचा चेहरा एकदम परीक्षकाचा झाला. "सरळ पडते का कसा?"

"सरळ कुटी? तीन टप्पे हायेत. मदल्यावर जरासा थांबते, मंग घसरते."

"मधल्या टप्प्याचा दगड?"

"काळा नाई. लाल हाय, इटेवानी. मी म्हनलं हे लाल कुठून आलं?"

सरांनी चष्मा काढला. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांत आम्ही विचारलंही नव्हतं. चष्मा पुसता पुसता ते म्हणाले, "ते लाल मंजे माती शेठजी. पहिला लाव्हा थंड झाला, त्याच्यावर माती जमली, झाडं आले असतीन, आन् मंग दुसरा लाव्हा आला. त्यानं ती भाजली. ते भाजलेलं आहे. रोडग्यासारखं."

"असन जी," शेठजी म्हणाले. "मी काई अभ्यासाले नोतो गेलतो."

"मंग कायले गेलते?"

तिसरा रकाना. सरांना इलाज नव्हता. त्यांचा नियमच होता. शेठजींनी आधी सरांकडे, मग मुख्याध्यापिकाबाईंकडे, मग टेम्पोच्या चाकाकडे पाहिलं. आता मात्र देवरावला कोणीच गप्प करू शकलं नाही.

टेम्पो निघाल्यावर, खड्ड्यांचा आवाज आडोशाला घेऊन, सरांनी शेठजींना म्हटलं, "तुम्ही बोलले नसते तं भिंत तुमची होती. तुम्हाले तिथं कोनी पाह्यलं नव्हतं."

शेठजी बाहेर बघत म्हणाले, "तेच तं. मी दुपारपासून तेच करून राह्यलो ना मनात. सांगाव का नाई? मंग म्हनलं, चूप बसलो तं माही दुपारची झोप गेली समजा. जन्माची."

आमच्याकडे यापेक्षा मोठी किंमत कोणी मोजत नाही. खिशातला दगड काढून सरांनी शेठजींच्या हातात दिला. शेठजींनी तो उतरेपर्यंत तसाच धरला आणि मग परत केला.

निवृत्तीच्या दिवशी भाषणं झाली, शाल झाली, नारळ झाला. भाषणांत सरांना दीपस्तंभ म्हटलं गेलं. आमच्या जिल्ह्यापासून समुद्र किती दूर आहे हे तिथे फक्त त्यांनाच माहीत असावं, कारण एकटे तेच हसले. समारंभ आटोपून लोक गेल्यावर मी सायकल काढायला आलो तेव्हा ते मला शेवटचे दिसले, म्हणजे शाळेतले शेवटचे. स्टुलावर चढून, पाठमोरे, खांद्यावरची शाल तशीच. खाली देवराव स्टूल धरून उभा. शेठजींनी दुकानातून पाठवलेला निळ्या रंगाचा लहान डबा खिडकीत होता. सरांनी आधी खोडरबरानं वर्तुळ पुसलं. मग बारीक ब्रशनं निळी रेघ ओढली, तीन टप्प्यांत. मधल्या टप्प्यावर लाल ठिपका दिला. ब्रश धुतला, शाल सावरली आणि देवरावला म्हणाले, "जरा पश्चिमेले सरक, मले उतरू दे." देवराव बरोबर सरकला.

सर आता मुलीकडे असतात. नकाशा भिंतीवर आहे. नामावलीची पाटी पिण्याच्या पाण्याच्या नळांवर लावली आहे. पाणी पिताना मान वर जाते, त्यामुळे सगळी नावं वाचली जातात. सहल दर वर्षी निघते. मी अजून तो धबधबा पाहिलेला नाही. मोहाच्या झाडापर्यंत मात्र नेमानं जातो.

सोनेरी अक्षरांआधी शेठजींचं नाव काळ्या रंगानं त्या भिंतीवर लागलं. तक्त्याच्या शेवटच्या ओळीत, सरांच्या सुबक अक्षरात, धबधब्यापुढे दोन नावं आहेत. कशासाठी गेले होते, या रकान्यात सरांच्या नावासमोर 'अभ्यास' आहे. शेठजींच्या नावासमोर 'खाजगी'.